पारदर्शक पिंप

माझ्या धाकट्या भावाच्या केंद्रात खुर्च्या नाहीत. पदवी घेऊन नवा धंदा काढू पाहणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठाने ही इमारत बांधली. तिथे बसायचे तर जमिनीवर टाकलेल्या रंगीत, लिबलिबीत पोत्यांवर. एकदा त्यात रुतलेल्या माणसाला उठायला दुसऱ्याचा हात लागतो. मी गादीवाल्याची मुलगी आहे. त्या पोत्यांत काय भरले आहे ते बसताक्षणी माझ्या लक्षात आले: थर्माकोलचे मणी. पाठीचे वाटोळे करायला याहून सोयीची वस्तू मी पाहिलेली नाही. पण तिथे पाठीने करायचे काम कोणालाच नसते, तेव्हा बिघडत नाही.

भिंतींवर लिहायची मुभा आहे. लहानपणी मी दुकानाच्या भिंतीवर लिहिले तेव्हा बाबांनी माझा कान पिळला होता. इथे पदवीधर घोडे भिंती रंगवतात आणि त्याला विचारमंथन म्हणतात. मंथनातून काय निघाले ते बघायला मी एकदा भिंतीजवळ गेले. 'ग्राहक कोण?' असे लिहून त्याभोवती लाल वर्तुळ काढले होते. उत्तराची जागा मोकळी होती, आणि पुढच्या भेटीतही ती तशीच मोकळी होती.

केंद्राला 'घरटे' म्हणतात. तिथल्या प्रमुखांचे खरे नाव दारावर पितळी अक्षरांत आहे, पण मी त्यांना वॉवसर म्हणते, कारण कोणी काहीही सांगितले की ते "वॉव" म्हणतात. एका पोराने येऊन सांगितले की भागीदार धंदा अर्ध्यावर टाकून पळाला. सर म्हणाले, "वॉव! केवढी मोठी शिकवण!" आणि त्याच्या पाठीवर थाप मारून कॉफी आणायला गेले. त्या पोराचे तोंड एवढेसे झाले होते.

माझी जीभ तिखट आहे असे नातेवाईक म्हणतात. असेल. पण या लोकांनी आमचे मशीन नेले, आणि त्या मशीनवर माझ्या बापाचा श्वास चालला होता. जीभ गोड ठेवायचा मक्ता मी घेतलेला नाही.

आमचे दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे एक खोली. गिऱ्हाईक जुनी गादी आणून टाकते. वर्षानुवर्षे अंगाखाली दबून आतल्या कापसाचे गोळे झालेले असतात. खोळ उसवायची, कापूस काढायचा, तात लावलेल्या धनुकलीने तो पिंजून पिंजून मोकळा करायचा, परत खोळीत भरायचा आणि दाभणाने टाके घालायचे. पिंजायचे काम मागच्या खोलीत, दार लावून, कारण उडालेला कापूस शेजारच्या कापड दुकानात गेला की तिथला मालक भांडायला हजर. आणि जुन्या गादीत नुसता कापूस नसतो. माणसांचा घाम, सांडलेली औषधे, पोरांची शू, सगळे वाळून त्याची धूळ झालेली असते. ती बाबांनी जन्मभर नाकातोंडाने ओढली.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला. मग म्हणाल्या, "काका, ही धूळ आता बंद म्हणजे बंद. छातीत फारशी जागा उरलेली नाही." बाबा "बरं" म्हणाले, तडक दुकानात आले आणि अर्धवट राहिलेली गादी उसवायला बसले.

धाकटा तेव्हा नुकताच इंजिनियर झाला होता आणि मुलाखती देऊन देऊन कंटाळला होता. आमच्याबरोबर दवाखान्यात तोही होता. तिथे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी भंगारातून एक पत्र्याचे पिंप, मोडक्या धुलाई यंत्राची मोटर आणि एक पंखा घेऊन आला. पिंपात फिरणारा रूळ बसवला, रुळाला खिळे ठोकले. मी पत्रा धरला, त्याने रिबिटे मारली. धूळ ओढून घ्यायला मागच्या बाजूला जाड्याभरड्या कापडाची पिशवी लागणार होती, ती मी दुहेरी शिवण घालून शिवली. मशीन दिसायला इतके बेढब की शेजारचा कापडवाला म्हणाला, "हे काय, म्हैस बांधलीय का आत?" आवाजही असा की गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलावे लागे. पण एका बाजूने मळका गोळा टाकला की दुसऱ्या बाजूने मोकळा, हलका कापूस बाहेर येई, आणि धूळ निमूटपणे पिशवीत जाऊन बसे.

महिनाभर बाबा त्या मशीनवर काम करत होते. त्या महिन्यात ते घराचा जिना मध्ये न थांबता चढायला लागले. जेवताना ठसका नाही, बोलताना धाप नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला मागे नेऊन दाखवायचे, "धाकट्याने केलंय. डोक्यातून काढलं आणि हाताने केलं." मलाही धाकट्याचा इतका अभिमान वाटत होता की त्याच्या ताटात मी न मागता वाढत होते, आणि तो "बास, ताई" म्हणाला तरी ऐकत नव्हते.

मग त्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक गादी करून घ्यायला आले आणि मशीन बघून गेले. पाठोपाठ घरट्यातून बोलावणे आले. धाकटा उड्या मारतच घरी आला.

"ताई, शहरातला एकूण एक गादीवाला खोकतो. सगळ्यांना देता येईल असं मशीन करायचं. तिथे जागा आहे, हत्यारं आहेत, सल्ला द्यायला माणसं आहेत."

यात खोट काढण्यासारखे काय होते? काहीच नव्हते. एवढे चांगले बोलणे त्याने त्यानंतर कधी केले नाही. अट एकच होती: पहिला नमुना केंद्रात आणून ठेवायचा. थोड्याच दिवसांचा प्रश्न, असे सगळे म्हणाले. टेंपोत मशीन चढवताना एका बाजूने मी हात लावला. टेंपो वळणावरून दिसेनासा झाला आणि बाबांनी खुंटीवरची धनुकली काढली.

थोड्याच दिवसांचे बरेच दिवस झाले, तेव्हा मी पहिल्यांदा घरट्यात गेले. मशीन मधोमध, दिव्यांच्या झोतात, दोरी लावून ठेवले होते. मी आधी ओळखलेच नाही. पत्र्याचे पिंप गेले होते. त्याच्या जागी लखलखीत पारदर्शक प्लास्टिकचे पिंप होते आणि आत पांढराशुभ्र कापूस हळूहळू गरगरत होता. समोर दोन मुली तोंड उघडे टाकून बघत होत्या.

"पत्रा कुठे गेला?" मी विचारले.

"आतलं दिसायला पाहिजे ना," धाकटा म्हणाला. "सर म्हणाले, लोकांना आतली जादू दिसली पाहिजे."

"आणि पिशवी?"

"ती दिसायला बरी नव्हती गं."

"पोटातलं आतडंही दिसायला बरं नसतं. काढून ठेवतोस का?"

त्याने इकडेतिकडे पाहिले. त्याला माझी लाज वाटत होती की मशीनची, हे मला कळले नाही.

"धूळ कुठे जाते मग?"

"धूळ नाहीच. हा नवा कापूस आहे. जुना घातला की पिंप गढूळ होतं, मग आतलं दिसत नाही."

मी दोरी ओलांडून वाकून पाहिले. रुळाचे खिळेही गेले होते. पाहुण्यांच्या बोटांना लागू नयेत म्हणून रबराचे मऊ दाते बसवले होते. मोटरीचा वेग उतरवला होता, कारण पलीकडच्या काचेच्या खोलीत बैठका चालतात आणि तिथे आवाज चालत नाही. थोडक्यात, आता त्या मशीनमध्ये आधीच पिंजलेला, नवा कोरा कापूस घालायचा, तो आत चार गिरक्या घेणार, बाहेर येणार, आणि पुढचे पाहुणे आले की तोच परत आत घालायचा. धूळ अडवणारे मशीन या शहाण्यांनी पारदर्शक केले, आणि मग ते पारदर्शक राहावे म्हणून त्याला धुळीपासून वाचवत बसले.

"आणि काम?" मी म्हटले.

"काम पुढच्या टप्प्यात. ताई, प्रदर्शनाचा दिवस होऊन जाऊ दे. मग मी पत्रा परत बसवतो, खिळे ठोकतो, आणि मशीन घरी. शप्पथ."

शप्पथ म्हणताना त्याने लहानपणीसारखी गळ्याची कातडी चिमटीत धरली. म्हणून मी गप्प बसले. तेवढ्यात वॉवसर आले. धाकट्याने ओळख करून दिली, "ही माझी ताई. पिशवी हिने शिवली होती."

"वॉव," सर म्हणाले. "कुटुंबाचा पाठिंबा!"

मी म्हटले, "सर, वडील परत हाताने पिंजतायत. त्यांना त्रास होतो."

"तेच तर!" सरांचे डोळे चमकले. "तो त्रास जपून ठेवा. प्रदर्शनात त्यांनाच बोलवू. त्रास प्रत्यक्ष उभा राहिला की ऐकणाऱ्यावर परिणाम होतो."

माझ्या जिभेवर जे आले ते मी गिळले. शप्पथ ऐकली होती ना.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबांनी माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी शिवलेला शर्ट घातला. (बोलणी फिसकटली, शर्ट चांगला निघाला.) केंद्रातून त्यांच्यासाठी एक वाक्य आले होते: "या यंत्राने माझे आयुष्य बदलले." बाबा जाताना रस्ताभर ते पुटपुटत होते, आणि 'बदलले'पाशी पोचेपर्यंत दर वेळी ठसका लागत होता. त्यांच्या काखोटीला चादरीत बांधलेले गाठोडे होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "असू दे, तिथे बघतोच आहोत." मी पुढे विचारले नाही. आत काय आहे ते मला वासावरून कळले होते.

सभागृह सजले होते. कुलगुरू गडद रंगाच्या सुटात पहिल्या रांगेत होते. त्यांच्या बाजूला पैसेवाली मंडळी, मागे घरट्यातली पोरे. आधी एकाने झोप मोजणाऱ्या उशीबद्दल सांगितले. उशी अजून झाली नव्हती, पण तिचे चित्र झाले होते, आणि चित्राला टाळ्या पडल्या. मग धाकटा उठला. नवा कोट, कानामागे माइकची तार, एका हाताची बोटे उघडमीट. असे बोलायला त्याला कोणी शिकवले देव जाणे. तो आमच्या मागच्या खोलीबद्दल बोलत होता आणि मला ती खोली ओळखू येत नव्हती. मशीन सुरू झाले, पांढरा कापूस काचेसारख्या पिंपात गिरक्या घेऊ लागला, लोक "अरे वा" म्हणाले.

"आणि हे आमचे लाभार्थी," धाकटा म्हणाला.

बाबा पुढे गेले. त्यांनी वाक्य नीट म्हटले, कुठे अडले नाहीत. तिथेच खाली उतरले असते तर सगळ्यांचे सोने झाले असते. पण बाबांना त्या गरगरणाऱ्या पिंपात प्रदर्शन दिसत नव्हते. त्यांना आपले मशीन दिसत होते, कितीतरी दिवसांनी दिसत होते, आणि चालू होते. दुकानात एका गिऱ्हाइकाची गादी अडून राहिली होती. चालू मशीन आणि अडलेले काम समोरासमोर आल्यावर बाबांसारखा माणूस दुसरे काय करणार? त्यांनी चादर सोडली आणि आजारी माणसाच्या अंथरुणातून निघालेला तो काळपट, दगडासारखा कापूस दोन्ही हातांनी मशीनच्या तोंडात कोंबला.

धाकटा "बाबा, नको—" म्हणाला. ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेले.

रबराच्या दातांनी कापूस काही फुटेना. पंखा मात्र इमानाने फिरत होता. पिशवी नव्हती, आणि कापसाचा मोहक पिसारा पाहुण्यांना दिसावा म्हणून बाहेरचे तोंड प्रेक्षकांकडे वळवलेले होते. वर्षानुवर्षांची धूळ एका लोटात पहिल्या रांगेवर गेली. कुलगुरूंचा सूट राखाडी झाला. पैसेवाल्या बाई रुमाल शोधत खुर्चीखाली वाकल्या. सगळे सभागृह खोकायला लागले, आणि खरे सांगते, मला आत कुठेतरी गार वाटले. खा, म्हटले, खा थोडी. आम्ही रोज खातो.

मग मी बाबांकडे पाहिले आणि तो गारवा जागीच संपला. ते मशीनजवळ जमिनीवर बसले होते. तोंड उघडे, हात छातीवर, आणि आवाजच येत नव्हता. मी पाण्याची बाटली हिसकावून धावले. बाजूच्या काचेच्या खोलीत नेऊन त्यांची पाठ चोळत राहिले, तेव्हा कुठे श्वास ताळ्यावर आला.

काचेपलीकडे धाकटा उभा होता. तो एकदा आमच्याकडे बघत होता, एकदा पहिल्या रांगेकडे. मला वाटले, येईल. येत होताच तो, एक पाऊल टाकलेही होते. वॉवसर त्याच्या कानाशी लागले. त्याने माइक सारखा केला आणि म्हणाला, "मित्रहो, आत्ता तुम्ही जे पाहिलंत, त्याला म्हणतात अपयश. आणि अपयशाला घाबरेल तो उद्योजक कसला?"

काय टाळ्या पडल्या! डोळे पुसत, खोकत, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी बक्षिसे जाहीर झाली. झोपेच्या उशीला पहिले, आणि आमच्या धाकट्याला खास पारितोषिक: वर्षातले सर्वोत्तम अपयश. चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र मिळाले. बाबा खोकत खोकत टाळ्या वाजवत होते, आणि मला कोपराने ढोसून म्हणत होते, "वाजव की!"

पुढच्याच आठवड्यात धाकट्याला घरट्यात पगारी नेमणूक मिळाली. त्याने एकही मशीन विकले नव्हते, आता विकायचे कारणही उरले नाही. अपयशातून कसे शिकावे हे तो नव्या मुलांना शिकवतो. गळ्यात ओळखपत्राची पट्टी असते, ती तो घरी जेवतानाही काढत नाही.

एकदा जेवतानाच मी विषय काढला. "प्रदर्शन झालं. मशीन कधी आणतोस?"

"ते आता तिथेच राहणार, ताई. लोक बघायला येतात."

"बरं, राहू दे तुझी काचेची बाहुली. पत्रा आणि रूळ दे."

"ते भंगारात गेलं असेल."

"मग नवं कर. भंगारातूनच आणलं होतंस ना?"

त्याने भात कालवला, परत कालवला. "करता येत नाही. रचना आता केंद्राच्या नावावर आहे. मी सही केलीय. बाहेर एक जरी बनवलं तर माझ्या नोकरीवर येईल."

"आपल्या दुकानात? आपल्या बापासाठी?"

"नियम सगळ्यांना सारखे असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटावरून उठले आणि त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि बाबा त्याच्या ताटात आमटी वाढत होते.

मी काही केंद्रात सही केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे जाऊन पत्र्याचे पिंप आणले. पत्रा मी धरला होता, रिबिटे कुठे होती ते मला पाठ होते. मागच्या खोलीत कात्री लावणार, तोच बाबा आले आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ठेव ते."

"बाबा, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं—"

"ऐकलंय मी. आपल्या घरात आजवर कोणाच्या गळ्यात अशी पट्टी आली का? त्याचं नाव होतंय. आणि उद्या कोणी येऊन बघितलं, की याच्याच घरात मशीन आहे, तर?"

"तर काय? बापाचा जीव वाचला म्हणून फाशी देतील त्याला?"

"तू केलंस तरी मी त्याला हात लावणार नाही," बाबा म्हणाले. धाप लागली म्हणून थांबले, मग वाक्य पुरे केले. "मला सवय आहे."

मी खूप आरडाओरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी. या माणसाने मला कधी एका शब्दाने दुखावले नाही, आणि त्या दिवशी मला त्याला गदागदा हलवावेसे वाटत होते. धाकट्याचा राग मला येतो, पण बाबांचा जास्त येतो. कोणी हरभऱ्याच्या झाडावर चढवले म्हणून पोरगे चढले, हे समजण्यासारखे आहे. हा म्हातारा खाली उभा राहून झाडाला खांदा देत होता.

तेव्हापासून जमेल तितके मी पिंजते, नाकाला फडके बांधून. पण काउंटरवर गिऱ्हाईक आले की मला पुढे यावे लागते, आणि तेवढ्यात मागून धनुकलीचा आवाज सुरू होतो. मग खोकल्याचा.

परवा धाकट्याचा फोन आला. नवी तुकडी घेऊन येतोय म्हणाला. मुलांनी धंदा काढण्याआधी खरी समस्या डोळ्यांनी बघितली पाहिजे, असा आता त्याचा वर्ग असतो. "आणि ताई, मुलांसमोर घरचं नातं नको. त्यांना तटस्थपणे बघू दे."

मी फोन आपटला. बाबांनी मात्र मागची खोली झाडली, स्वच्छ शर्ट घातला आणि पिंजायला मुद्दाम सगळ्यांत मळकी गादी काढून ठेवली, पोरांना नीट दिसावे म्हणून.

मुले आली. चांगल्या घरची, हसरी, हातात फोन. धाकटा मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला, आत आला नाही. त्याचा कोट काळा होता.

"हे एक पारंपरिक कारागीर," तो म्हणाला. "काका, जरा दाखवता का?"

काका. स्वतःच्या बापाला. मी काउंटरची कड घट्ट धरली.

"दाखवतो की," बाबा म्हणाले आणि धनुकली उचलली. तात वाजली, कापूस उडाला, खोली भरून गेली. मुलांनी ओढण्या आणि रुमाल नाकाला लावले. एकाने विचारले, "काका, खोकताना तुम्हाला नेमकं काय वाटतं?" बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि उत्तराऐवजी ठसकाच आला. मुलगा ते टिपून घेत होता.

मागे एक चष्मेवाली मुलगी होती. ती काही टिपत नव्हती. बाबांकडे बघून तिचे डोळे भरून आले होते. तिचा खोकला थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, पण हे सगळं उघड्यावर कशाला? एका बंद पिंपात केलं तर? पत्र्याचं पिंप, आत खिळ्यांचा रूळ... आणि धूळ ओढायला मागे एक पिशवी लावायची."

मी धाकट्याकडे पाहिले. त्याने गळ्यातली पट्टी चाचपली. त्याची नजर भिंतीवर गेली, मशीन उभे असायचे त्या जागेवर. क्षणभर त्याचा चेहरा, डॉक्टरीणबाईंकडे तो गप्प उभा होता तेव्हासारखा झाला, आणि मला वाटले, आता बोलेल. एवढ्या पोरांसमोर बोलेल की हे झाले आहे, मी केले आहे, हा माझा बाप आहे.

"छान," तो म्हणाला. "छान कल्पना आहे. लिहून घ्या. केंद्रात या, यावर काम करू."

मी काउंटर सोडून मागच्या खोलीत शिरले. तोंड उघडलेच होते. बाबांनी बसल्या जागेवरून माझे मनगट पकडले. हाडकुळ्या हाताची ती पकड इतकी घट्ट होती की मी हललेच नाही. मग त्यांनी वर त्या मुलीकडे बघितले. ज्या मशीनसमोर ते महिनाभर उभे होते, जे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवले होते, त्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे त्यांनी आदराने विचारले,

"होईल का हो असं मशीन?"

"होईल की, काका," ती मुलगी मनापासून म्हणाली. "तुम्ही फक्त थोडा धीर धरा."